पत्र्याच्या कार्यशाळेचे उष्णतारोधन : स्वतः करावे की जाणकाराकडून करून घ्यावे?

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु त्याची जुनी ओळख पितळेची. 'भाणा' म्हणजे पितळेचे भांडे, आणि त्यावरूनच भंडारा हे नाव रूढ झाले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, भंडारा शहराच्या जुन्या वस्तीत पितळ ठोकण्याचा आवाज पिढ्यान् पिढ्या घुमत आला, हे मात्र निर्विवाद होय. स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघरी पोहोचली आणि तो आवाज क्षीण झाला. धातुकाम मात्र थांबले नाही. त्याने रूप पालटले. आज भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी या गावांच्या रस्त्यांवरून जाताना खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी दारे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि मळणीयंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या लहान लहान कार्यशाळा जागोजागी दिसतात. पितळ वितळविणाऱ्या भट्ट्याही अद्याप पूर्णपणे विझलेल्या नाहीत.

या कार्यशाळांच्या रूपात आणखी एक बदल झाला आहे, आणि त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पूर्वी हे काम कवेलूच्या छपराखाली चाले. कवेलू जाड असतात, त्यांच्या फटींतून तापलेली हवा आपोआप वर निघून जाते, आणि त्यांच्याखाली बांबू व माती यांचा थर असला तर ऊन आणखी थोपविले जाते. माकडांचा उपद्रव, दरवर्षीची फेरणी आणि बांबूची टंचाई यांमुळे कवेलू मागे पडले. त्यांची जागा टिनाच्या पत्र्यांनी घेतली. पत्रा स्वस्त, टिकाऊ आणि एका दिवसात चढणारा. पण मे महिन्यात पारा ४४-४५ अंश सेल्सियसवर पोहोचतो, नवतपा सुरू होतो, आणि त्याच छपराखाली दुपारी दोन वाजता वेल्डिंगचा मुखवटा चढवून उभे राहणे अशक्यप्राय होऊन बसते. काम सकाळी अकराला बंद करावे लागते. ज्याला ते शक्य नाही तो आपल्या प्रकृतीची किंमत मोजतो.

तेव्हा छपराला उष्णतारोधक अस्तर लावावे, हा विचार कार्यशाळेच्या मालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शेडमध्ये व्यवसाय-शिक्षणाचे वर्ग चालविणाऱ्या शाळांना आणि पत्र्याचे कामशेड उभारणाऱ्या ग्रामपंचायतींनाही हाच प्रश्न पडतो. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : हे काम घरच्या माणसांनीच करावे, की कंत्राटदाराला द्यावे? धातुकाम करणाऱ्याच्या हातात शिडी, ड्रिल, कटर, वेल्डिंगचे यंत्र सारे काही असते. बाहेरच्याला पैसे कशाला द्यायचे, असे त्याला वाटले तर नवल नाही.

उष्णता येते कोठून?

उत्तर देण्यापूर्वी पत्र्याखाली नेमके काय घडते ते समजून घेणे उपयुक्त ठरेल. भर उन्हाळ्यातील दुपारी छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याची सुमारे ९०० ते १,००० वॅट शक्ती पडते. जुना, गंजलेला पत्रा तीतील मोठा भाग शोषून घेतो आणि ६५ अंशांच्याही वर तापतो. अर्धा मिलिमीटर जाडीचे लोखंड उष्णतेला कसलाच अडथळा करीत नाही. तापलेला पत्रा खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यांवर उष्णतेचे किरण सोडीत राहतो. म्हणूनच पंखा लावूनही चैन पडत नाही. पंखा हवा हलवितो, किरण अडवीत नाही.

साधा हिशोब करून पाहावा. २० फूट रुंद आणि ३० फूट लांब शेडचे छप्पर सुमारे ५६ चौरस मीटर भरते. पत्रा ६५ अंशांवर आणि आतील हवा ४० अंशांवर असताना अशा छपरातून ढोबळमानाने ९ किलोवॅट उष्णता आत येते. एक किलोवॅटच्या नऊ विजेच्या शेगड्या छताला उलट्या टांगून पेटवाव्यात, तसाच हा प्रकार. त्याच पत्र्याखाली ५० मिलिमीटर जाडीची काचलोकर, म्हणजे बाजारात मिळणारी ग्लासवूल, सलग आणि फट न ठेवता बसविली तर नऊ शेगड्यांपैकी एक, फार तर सव्वा शेगडी उरते. मात्र 'सलग आणि फट न ठेवता' या शब्दांतच सगळी मेख आहे.

घरच्या हातांनी होण्यासारखी कामे

या कामाचा पहिला आणि सर्वांत किफायतशीर भाग कोणालाही करता येण्यासारखा आहे, तो म्हणजे पत्रा पांढरा करणे. ऊन परतविणारा पांढरा रंग दिल्यास दुपारच्या वेळी पत्र्याचे तापमान सुमारे १५ ते २० अंशांनी उतरू शकते. चुना स्वस्त पडतो म्हणून अनेक जण तोच फासतात. सिमेंटच्या छतावर तो उत्तम. परंतु जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर ओला चुना जस्तालाच खातो, आणि चुना घट्ट बसावा म्हणून त्यात मीठ घातले तर गंजाला आमंत्रणच मिळते. पत्र्यासाठी पत्र्याचाच रंग घ्यावा. आधी गंज खरवडून काढावा, अस्तराचा हात द्यावा आणि दरवर्षी होळीच्या सुमारास छप्पर धुऊन धूळ काढावी. धुळीने माखलेला पांढरा रंग फारसा उपयोगी पडत नाही.

हवेचे मार्ग मोकळे करणे हे दुसरे काम. तापलेली हवा वर जाते, पण तिला वर वाट आणि खाली जागा घेणारी हवा, दोन्ही हवीत. भिंतीच्या तळाशी झरोके आणि आढ्याशी सलग फट असेल तर वाऱ्याविनाही हवा खेळती राहते. अनेक शेडांवर वाऱ्याने फिरणारे गोल चकचकीत पंखे बसविलेले दिसतात. खाली झरोकेच नसतील तर ते केवळ शोभेचे ठरतात. पश्चिमेच्या भिंतीवर बांबूच्या तट्ट्यांची सावली धरणे, वळचण दोन फूट पुढे काढणे, जवळपास झाड लावणे, हेही याच सदरात मोडते.

चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा लावलेली बुडबुड्यांची गुंडाळीही हल्ली तालुक्याच्या गावी मिळते. ती कमी उंचीच्या शेडमध्ये घरी लावता येते. जुना पत्रा जितके किरण सोडतो त्याच्या वीसाव्या हिश्श्याइतकेच किरण स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम सोडते. हा गुण कामी यावा यासाठी पापुद्रा आणि पत्रा यांच्यामध्ये निदान एक इंच हवेची पोकळी राहिली पाहिजे आणि चमकदार बाजू खाली असली पाहिजे. वरच्या बाजूवर धूळ साचते. खालची बाजू वर्षानुवर्षे चकचकीत राहते. बहुतेक ठिकाणी ती थेट पत्र्याला चिकटवितात आणि मग 'काही फरक पडला नाही' अशी तक्रार करतात.

धानाच्या मुलखात तणीस आणि कोंडा यांचा मोह पडणे साहजिक आहे. दोन्ही उत्तम उष्णतारोधक आहेत आणि राइस मिलच्या मागे कोंड्याचे डोंगर असतात. गोठ्यावर तणीस पसरणे हा जुना आणि शहाणपणाचा उपाय आहे. परंतु धातूच्या कार्यशाळेत तो चालत नाही. ग्राइंडरची एक ठिणगी कोंड्यात शिरली तर तो ज्वाळा न काढता तासन् तास आतल्या आत धुमसतो आणि मध्यरात्री, शेड बंद असताना, पेट घेतो. शिवाय चार इंच जाडीचा कोंड्याचा थर वरील मापाच्या शेडवर साडेपाच क्विंटलांच्या घरात जातो. हलक्या कैच्या तेवढ्या भारासाठी घडविलेल्या नसतात. पावसाळ्यात ओल धरली की भार आणखी वाढतो, आणि उंदीर तर वाटच पाहत असतात. बांबूच्या तट्टीला दोन्ही बाजूंनी माती आणि शेण यांचा गिलावा देऊन ती छताखाली टांगणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित देशी पर्याय होय, तोही कार्यालयाच्या किंवा कच्च्या मालाच्या खोलीपुरता.

थर्माकोलबाबत तर स्पष्टच सांगावयास हवे. ७५-८० अंशांपलीकडे तो आक्रसू लागतो, आणि तापलेला पत्रा त्या सीमेपासून फार दूर नसतो. पेटल्यावर तो वितळून जळते थेंब खाली टाकतो आणि काळा, गुदमरविणारा धूर सोडतो. वेल्डिंग होते तेथे त्याला स्थान नाही, मग तो कितीही स्वस्त पडो.

भट्टीची गोष्ट निराळी

पितळ साधारणपणे ९०० ते ९५० अंशांच्या दरम्यान वितळते. पितळेतील जस्त ९०७ अंशांना उकळते. म्हणजेच पितळ वितळत असताना त्यातील थोडे जस्त वाफ होऊन उडतेच, आणि हवेशी संयोग पावून पांढऱ्या धुराच्या रूपाने वर जाते. तो धूर श्वासावाटे गेला तर सायंकाळी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, तोंडाला गोडसर चव येते आणि दुसऱ्या दिवशी सारे ओसरते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्यांनाही हा धातुज्वर जडतो. हिवताप समजून कित्येकदा भलतेच औषध घेतले जाते.

छपराचे अस्तर आणि हा धूर यांचा संबंध निकटचा आहे. हौसेने अस्तर लावणारा मनुष्य 'उष्णता येते' म्हणून आढ्याची फट बुजवितो, पत्रा आणि भिंत यांमधील मोकळी जागा लोकर कोंबून बंद करतो, आणि धुराची एकमेव वाट नाहीशी होते. शेड पूर्वीपेक्षा थंड वाटते, पण हवा विषारी होते. भट्टी असलेल्या भागात छपराच्या आधी भट्टीलाच पांघरूण घालावे : तिच्याभोवती उष्णतारोधक विटांचे कडे, वर धुराडे, आणि कारागीर व ज्वाळा यांच्यामध्ये चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा आडपडदा. भट्टीने दिलेली उष्णता छपराच्या अस्तराने जात नाही. ती धुराड्यानेच जाते. धुराड्याचा व्यास, उंची आणि ओढ यांचा हिशोब मात्र जाणकाराकडून करून घ्यावा. भट्टीच्या वरच्या छपराला काही लावायचेच असेल तर रॉकवूल आणि तिच्याखाली पत्रा. काचलोकरीतील डिंकासारखे बंधनद्रव्य अडीचशे अंशांच्या आसपास जळू लागते.

शिडीवर चढण्यापूर्वी

अस्तराच्या कामात माणसे मरतात, ही गोष्ट अतिशयोक्तीची नाही. ऑस्ट्रेलियाच्या शासनाने २००९ मध्ये घरांच्या छपरांना उष्णतारोधक अस्तर लावण्याची मोठी योजना हाती घेतली. कामाची मागणी एकदम वाढली, आणि काल-परवापर्यंत या व्यवसायाशी संबंध नसलेल्या अनेकांनी ठेके घेतले. काही महिन्यांतच चार तरुण कामगार मृत्युमुखी पडले. तिघे विजेच्या धक्क्याने. चौथा माळ्यावरील असह्य उष्म्याने. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना थांबवावी लागली आणि पुढे चौकशी आयोग नेमला गेला. विजेच्या अपघातांत अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्याचा मोठा वाटा होता : तो ठोकताना धातूची पिन विजेच्या तारेत शिरली की संपूर्ण पापुद्राच विजेने भारला जातो.

हे चौघे पगारी कामगार होते, घरमालक नव्हते. 'स्वतः की व्यावसायिक' या प्रश्नाचा विचार करताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पैसे घेऊन काम करणारा प्रत्येक जण प्रशिक्षित असतोच असे नाही. आणि आपल्याकडे पत्रे चढविणारी टोळी अस्तराचे कामही 'करून देऊ' म्हणते तेव्हा तिला दोन्हींतील फरक ठाऊक आहे काय, हे विचारलेच पाहिजे. खरी विभागणी मालक आणि मजूर अशी नसून, चूक झाली तर पैसा वाया जाणारी कामे आणि चूक झाली तर जीव जाणारी कामे अशी आहे. पहिल्या प्रकारची कामे अवश्य घरी करावीत. दुसऱ्या प्रकारची कामे स्वतः करू नयेत आणि अर्धवट माहितगाराकडूनही करून घेऊ नयेत.

या दुसऱ्या प्रकारात वीज प्रथम येते. जुन्या शेडांत तारा कैच्यांवरून उघड्याच ओढलेल्या असतात, जागोजागी चिकटपट्टीने जोडलेल्या. अस्तरामागे त्या झाकल्या जाण्यापूर्वी परवानाधारक तंत्रज्ञाकडून त्या नळीत घालून घ्याव्यात, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा आणि संपूर्ण शेडचे भूयोजन, म्हणजे अर्थिंग, तपासून घ्यावे. विदर्भात उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने माणसे दगावल्याच्या बातम्या येत असतात. लोखंडी शेडमध्ये तो धोका दुणावतो.

सिमेंटच्या पत्र्यांचे छप्पर ही दुसरी बाब. वरून ते भक्कम दिसते, पण जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या भाराने पापडासारखा मोडतो. त्यावर थेट पाय ठेवू नये. फळ्या टाकून, कमरेला दोर बांधूनच चढावे, आणि हे ज्याच्या नित्याच्या सवयीचे आहे त्यानेच. अशा पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याला भोके पाडताना किंवा कापताना उडणारी धूळ फुप्फुसांत कायमची बसते आणि तिचे परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात. म्हणून तेथे ड्रिल चालवू नये. अस्तर पत्र्याला न टांगता कैचीला टांगावे.

काचलोकर घरी लावणे अशक्य नाही. वळचण दहा-बारा फुटांच्या आत असेल, पायांखाली शिडीऐवजी पक्की परांची असेल, अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा आणि नाकावर मुसके असेल, तर दोन माणसांना वरील मापाचे शेड तीन-चार दिवसांत करता येते. आडव्या पट्ट्यांमध्ये तारेची जाळी ताणावी, तिच्यावर लोकर अंथरावी, पापुद्र्याची बाजू खाली ठेवावी आणि सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. ओल ही लोकरीची वैरीण. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पत्रा गार पडतो आणि आतील दमट हवेचे दव त्याच्या खालच्या बाजूला धरते. सांधे उघडे असतील तर ते लोकरीत मुरते. भिजलेली लोकर उष्णता अडवीत नाही आणि पत्रा आतून गंजवते. म्हणून छपराची गळती अस्तर लावण्यापूर्वी काढावी. नंतर ती कोठे आहे तेच कळत नाही.

काम सोपविताना

छप्पर उंच असेल, कैच्या जुन्या असतील किंवा फवाऱ्याने फेस मारावयाचा असेल, तर काम जाणकारालाच द्यावे. या फेसाची रसायने श्वासाला अपायकारक असतात आणि मिश्रणाचे प्रमाण चुकले तर ते नीट बसत नाही. अंदाजपत्रक मागताना केवळ चौरस फुटाचा दर विचारू नये. लोकरीची जाडी किती मिलिमीटर, घनता दर घनमीटरला २४ किलो की ४८, जाळी कोणती, आढ्याची फट मोकळी ठेवणार की नाही, माणसांचा विमा आहे काय आणि उंचीवर दोर बांधून काम करणार काय, हे लेखी घ्यावे. घनतेच्या प्रश्नावर जो गडबडतो त्याला काम देऊ नये.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तेराव्या कलमाने भिंती आणि छपरे अशा साहित्याची व अशा रचनेची असावीत की आतील तापमान शक्य तितके कमी राहावे, अशी अट घातली होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. दोन-चार माणसांची कार्यशाळा कारखान्याच्या व्याख्येत पूर्वीही बसत नव्हती, आजही बसत नाही. तेथे निरीक्षक येत नाही. छपराखाली काय होते ते पाहणारे दुसरे कोणी नसते. जिल्हा उद्योग केंद्रातून कर्जाचा प्रस्ताव करताना यंत्रांबरोबर छपराच्या अस्तराचा खर्चही त्यात धरावा, हे उद्योजकाला सुचविणे स्थानिक कार्यकर्त्यांना सहज शक्य आहे. शेड उभारतानाच हा खर्च धरला तर तो नंतरच्या दुरुस्तीपेक्षा पुष्कळ कमी पडतो.

काम झाल्यावर त्याची परीक्षा शाळेतील साहित्यानेही होते. एक तापमापक सावलीत मोकळा टांगावा. दुसऱ्याचा फुगा बाहेरून काळ्या रंगाने रंगविलेल्या बंद पत्र्याच्या डब्याच्या मधोमध राहील असा बसवून तो डबा छपराखाली डोक्याच्या उंचीवर टांगावा. पहिला हवेचे तापमान सांगतो. दुसरा छपराचे किरणही मोजतो. उघड्या पत्र्याखाली दुपारी दोघांत मोठे अंतर पडते. अस्तर चांगले बसले असेल तर ते अंतर पुष्कळ कमी होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांकडून हा प्रयोग शाळेच्या शेडमध्ये अस्तराच्या आधी आणि नंतर करवून घेतला, तर ग्रामपंचायतीच्या सभेत दाखविण्यासाठी आकड्यांची वही आपोआप तयार होईल.

छपरावरील काम फेब्रुवारीत उरकावे. एप्रिलनंतर पत्र्याला हात लावता येत नाही, आणि मेअखेरीची वादळे सैल हुकांचे पत्रे उचलून नेतात. म्हणून अस्तराबरोबरच हुक आणि वॉशर बदलून घ्यावेत. कंत्राटदाराच्या देयकातील दहा टक्के रक्कम मृगाचा पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत राखून ठेवावी, आणि पाऊस थांबताच परांचीवर चढून लोकर चार ठिकाणी हाताने चाचपून पाहावी.